आधी नमस्कार, मग लाथ

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी, जबलपुरात आधारतालजवळच्या एका शाळेच्या सभागृहात, कराटेच्या परीक्षेला बसलेल्या एका बापाने लढत सुरू होण्यापूर्वी आपल्या मुलीच्या पाया पडून घेतलं आणि मग तिला लाथ मारली. लाथ कमरेच्या वर, बरगडीखाली बसली. मुलीला इजा झाली नाही. प्रेक्षकांत बापाची थोरली बहीण, बायको, नागपूरहून आलेले मेहुणे आणि मी होतो.

ते माझे घरमालक. महाराजपुरातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी काही वर्षं भाड्याने राहिलो. मी त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. काका पन्नाशी ओलांडलेले, अंगाने भरलेले, संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला सुटा भाग मापाच्या गेजमध्ये बसतो की नाही ते पाहायचं आणि पास किंवा रिजेक्ट असा शेरा द्यायचा, हे त्यांचं काम. ज्याबद्दल खात्री नाही त्याला तिसरा शेरा होता: डाउटफुल. असा माल बाजूला ठेवतात आणि नंतर पुन्हा तपासतात.

हे शेरे ते घरीही वापरत. पोळी पास, वरण रिजेक्ट. समोरच्या घरी नवा जावई आला तेव्हा काका फाटकापर्यंत जाऊन त्याला नीट पाहून आले आणि काकूंना म्हणाले, "डाउटफुल आहे."

"अहो, ऐकू जाईन त्याला."

"जाऊ दे. मी रिजेक्ट कुठं म्हटलं?"

कराटेत ते कसे शिरले, याची हकिगत त्यांनी मला स्वतः सांगितली. त्यांची एकुलती एक मुलगी रेवा आठ वर्षांची असताना तिला त्यांनी एका उन्हाळी क्लासला घातलं. क्लास सामुदायिक भवनात भरायचा. पालकांनी बाहेर, पत्र्याच्या शेडखाली थांबायचं, असा नियम होता. आत मोठा कूलर होता. चार दिवस काका शेडखाली बसले. पाचव्या दिवशी त्यांनी सरांना विचारलं, "आत बसायला काय करावं लागतं?" सर म्हणाले, "ऐडमिशन लेना पड़ता है।" काकांनी ऐडमिशन घेतली.

पुढची काही वर्षं ते फक्त उन्हाळ्यात कराटे शिकत. पावसाळा लागून कूलर बंद झाला की त्यांचं नाव गळायचं. त्यामुळे रेवा काळ्या पट्ट्यापर्यंत पोचली तेव्हा काका नारिंगी पट्ट्यावर होते. पांढरा, पिवळा, नारिंगी, मग हिरवा, असा क्रम. शेवटच्या दोन वर्षांत मात्र ते बारमाही झाले. का, ते पुढे येईल.

सर तिशीतले, स्थानिक हिंदी बोलणारे, शिस्तीचे. बाहेर ते काकांना अंकलजी म्हणत. क्लासमध्ये म्हणत नसत. रेवा सरांची मदतनीस झाल्यावर तिला सगळ्यांनी 'सेन्पाई' म्हणायचं, म्हणजे वरिष्ठ विद्यार्थी, असा नियम होता. तो काकांनाही लागू होता. ती समोर येऊन "घुटना और नीचे" म्हणाली की काका कमरेत वाकून "ओस, सेन्पाई", म्हणजे 'जी, सेन्पाई', म्हणायचे आणि गुडघा आणखी खाली न्यायचे. क्लास सुटला की दोघं एका स्कूटरवर घरी यायचे. आधारतालच्या चौकापर्यंत कोणी बोलायचं नाही. चौक ओलांडला की काका म्हणायचे, "ते मला सगळ्यांसमोर पुश-अप काहून मारायला लावले?" रेवा मागून म्हणायची, "पापा, आप लेट आए थे।" "तुझीच वेणी होत नव्हती म्हणून लेट झालो नं!"

ठोसा मारताना पोटातून ओरडायचं असतं. सरांनी सांगितलं होतं, जो आवाज आतून येईल तो येऊ द्या. काकांच्या आतून "नर्मदे हर!" आलं. पहाटे गच्चीवर सराव करताना ते असं ओरडले की खाली रस्त्यावरून जाणारा दूधवाला सायकल न थांबवता "नर्मदे हर, बाबूजी" म्हणून उत्तर द्यायचा. क्लासमध्येही तेच व्हायला लागलं. काकांनी ठोसा मारला की सगळा वर्ग एका सुरात "हर हर" करायचा. सरांनी आठवडाभर सहन केलं आणि मग सगळ्यांसाठी ओरडण्याचा एकच शब्द ठरवून दिला.

पण खरी अडचण आवाजाची नव्हती, पायाची होती.

काकांना त्यांच्या थोरल्या बहिणीने वाढवलं. जबलपुरातल्याच घमापुरात एका खोलीत सगळी भावंडं ओळीने झोपायची. झोपेत कोणाचा पाय कोणाला लागला की जागं होऊन, हात लावून, तो हात छातीला लावायचा आणि मग पुन्हा झोपायचं, असा आत्यांचा कायदा होता. सगळे त्यांना आत्याच म्हणतात. हा कायदा काकांच्या अंगात इतका मुरला होता की तो त्यांच्या इच्छेवर राहिला नव्हता. कारखान्यात अवजारांच्या पेटीला पाय लागला तरी ते वाकायचे. त्यांची स्कूटर जुनी, किक मारून सुरू होणारी. दसऱ्याला तिची पूजा होते. म्हणून प्रत्येक किकनंतर काका हेडलाइटला हात लावून तो छातीला लावत. उन्हाळ्यात ती लवकर सुरू व्हायची. हिवाळ्यात किक, नमस्कार, किक, नमस्कार असं बराच वेळ चालायचं आणि फाटकाशी आलेला नवा माणूस ही कसली पूजा आहे असं समजून चपला काढून उभा राहायचा.

हिरव्या पट्ट्याच्या परीक्षेत पहिल्यांदा लढत असते. समोरच्याला कमरेच्या वर एक साफ लाथ बसवून दाखवावी लागते. पहिल्या वेळी काकांचा जोडीदार एक बँकेत काम करणारा तरुण होता. काकांची लाथ उत्तम बसली. सर हात वर करणार, तेवढ्यात काका वाकले, तरुणाच्या पोटाला हात लावला आणि तो आपल्या छातीला लावला. तरुणाचा ठोसा तोपर्यंत निघालेला होता. तो काकांच्या टाळूवर बसला.

"मारकर झुकना नहीं है," सर म्हणाले.

"आदत है, सर।"

"आदत छोड़िए।"

"पचास साल की है।"

दुसऱ्या वेळी, वर्षभराने, जोडीदार तोच होता. काकांनी लाथ मारली आणि वाकले. तरुणाला आता सवय झाली होती. त्याने हात खाली घेतले, काकांचा नमस्कार होईपर्यंत थांबला आणि वर "कोई बात नहीं, अंकल" असंही म्हणाला. सरांनी दोघांनाही नापास केलं.

तिसरी परीक्षा त्या जूनमधली. रेवाला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि महिना संपण्याआधी ती जाणार होती. त्या क्लासची रीत अशी, की पास झालेल्याला नवा पट्टा वर्गातल्या सर्वांत वरिष्ठ विद्यार्थ्याने बांधायचा. ती जागा तेव्हा रेवाची होती. ती गेली की दुसऱ्याची होणार होती. काकांनी याविषयी कोणापाशी काही काढलं नाही. मला काकूंनी सांगितलं.

"रेवानंच बांधावा, असं आहे त्यांच्या मनात. दोन वर्षांपासून थंडीतसुद्धा जाऊन राहिले ते काय उगाच? पण तोंडानं नाही म्हणायचे. विचारलं तर म्हणतात, गुडघे मोकळे राहतात."

परीक्षेच्या आधीचा शनिवार घरच्यांनी कामांनी भरून टाकला होता. कूलरच्या जाळ्यांत नवं गवत भरायचं होतं. लोणच्याच्या कैऱ्या फोडायच्या होत्या. नागपूरहून काकूंचे भाऊ येणार होते, त्यांना स्टेशनवरून आणायचं होतं. आत्यांची पोत सराफ्यात पटव्याकडे, म्हणजे दागिने ओवून देणाऱ्याकडे, गाठवायला दिली होती, ती घेऊन त्यांना घमापुरातून घरी आणायचं होतं. काकांनी कशालाही नाही म्हटलं नाही. सगळ्या कामांत सराव घालायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

सकाळी त्यांनी लाथ मारायला काहीतरी शोधायला सुरुवात केली. क्लासमधली बॅग सरांनी परीक्षेसाठी हलवली होती. घरी काय मारावं, हा प्रश्न होता. गव्हाचं पोतं होतं, पण ते अन्न. रद्दीचा गठ्ठा होता, पण ती विद्या. शिवाय त्यात माझंही वर्तमानपत्र होतं. स्कूटरचा जुना टायर म्हणजे वाहन. झाडूंची जुडी म्हणजे लक्ष्मी. रेवाने उशी आणून दिली.

"उशीला डोकं टेकवते माणूस," काका म्हणाले.

"पापा, घर में ऐसी एक चीज़ नहीं है क्या, जो भगवान न हो?"

काकांनी थोडा विचार केला. "जुनं गवत," ते म्हणाले.

कूलरचं कुजकं गवत त्यांनी एका रिकाम्या पोत्यात भरलं, तोंड शिवलं आणि अंगणातल्या जांभळीला टांगलं. मागे सरकून पाय उचलला आणि थांबले. पोतं तांदळाचं होतं. त्यावर अन्नपूर्णेचं चित्र छापलेलं होतं. काकांनी पोतं उतरवलं, शिवण उसवली, सगळं गवत बाहेर काढलं, पोतं उलटं केलं, पुन्हा भरलं, पुन्हा शिवलं. तोवर स्टेशनवर जायची वेळ झाली. मेहुण्यांनी फोन करून विचारलं, "भाऊजी, निघाले का?" काका म्हणाले, "देवी आत गेली. आता निघतो."

सराफ्यातल्या प्रसंगाला मी हजर नव्हतो, मेहुणे होते. स्टेशनवरून ते दोघं थेट पटव्याकडे गेले. पोत तयार व्हायला थोडा वेळ होता. अरुंद गल्लीत, भर गर्दीत काका घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून, गुडघे वाकवून, मुठी कमरेला लावून उभे राहिले. हा कराटेतला एक पवित्रा आहे. चेहरा घट्ट, नजर समोर, घाम. येणाऱ्याजाणाऱ्यांनी वेगळा अर्थ काढला. एका सोनाराने दुकानातून स्टूल पाठवलं. एका बाईंनी पटव्याला विचारलं, "भैया, इनको अंदर जाने दो, बाथरूम है क्या?"

मेहुणे तिथून सरकून पुढच्या दुकानाशी उभे राहिले. "मी ओळखच दाखवली नाही," असं त्यांनी संध्याकाळी सांगितलं.

काकांनी दुरुस्ती केली. "लस्सी आली तेव्हा दाखवली ओळख यानं."

कैऱ्या फोडायच्या वेळी आत्या घरी आल्या होत्या. काका मोठ्या अडकित्त्याने कैरी फोडत आणि प्रत्येक कैरीला दुसऱ्या पायावर भार घेत. आत्या फोडी पुसत होत्या.

"हा हलून काहून राहिला? मुंग्या आल्या का?"

"सराव करून राहिलो, ताई."

"कैरी वाकडी कापून राहिला तू. बाठा तसाच आहे."

काकांनी फोड उचलून पाहिली. "डाउटफुल," ते म्हणाले आणि बाजूला ठेवली.

सरांचा फोन त्याच वेळी आला. बँकेतला तरुण एका वऱ्हाडाबरोबर बाहेरगावी गेला होता आणि उद्यापर्यंत परतणार नव्हता. हिरव्या पट्ट्याला बाकी सगळी लहान मुलं होती. काकांच्या उंचीचं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून उद्या त्यांच्यासमोर रेवा उभी राहील. रेवाने फोन ठेवला आणि हे सगळ्यांना सांगितलं.

आत्या म्हणाल्या, "म्हणजे बाप पोरीला लाथ मारणार?"

"गेम आहे, आत्या."

"गेम असो की काय असो. नवरात्रात ज्या पोरीचे पाय धुतो, तिलेच पाय लावायचा?"

मेहुणे नागपूरचे. ते म्हणाले, "अहो आत्या, आमच्याकडे तर पोरीच पाया पडतात नं बापाच्या. हे पोरींचे पाय धुणं तुमचं इकडचं."

"इकडचं म्हणजे? आम्ही इकडचेच आहो. इथंच जन्मलो."

"और मैं उनको लात मारूँ तो?" रेवाने विचारलं.

"तूही नाही मारायची. बाप आहे तो तुझा."

"तो फिर क्या करूँ? आरती ओवाळू?"

काकू मोहरीची डाळ पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, "नका जाऊ मग. राहू द्या. पट्टाच आहे तो." असं म्हणताना त्यांनी काकांकडे पाहिलं नाही.

काकांनी शेवटची कैरी फोडली, अडकित्ता पुसला आणि पंच्याला हात पुसले. "उद्याचं उद्या पाहू," ते म्हणाले. त्या दिवशी पोळीलाही शेरा मिळाला नाही. पोतं जांभळीला तसंच टांगलेलं राहिलं. त्याला लाथ मारायला त्यांना दिवसभरात वेळ झाला नव्हता.

रविवारी सभागृहात भिंतीशी खुर्च्या मांडल्या होत्या. आत्या पुढच्या रांगेत, नव्याने गाठवलेली पोत घालून बसल्या. मेहुणे मोबाइलवर चित्रीकरण करत होते. लहान मुलांच्या लढती आधी झाल्या. एक मुलगा रडला, बाकी पास झाले. मग काकांचं नाव पुकारलं. रेवा समोर येऊन उभी राहिली. ती काकांपेक्षा जरा बुटकी आहे.

सर म्हणाले, "एक साफ लात चाहिए। कमर के ऊपर। और उसके बाद हाथ नीचे नहीं आना चाहिए।"

"एक मिनट, सर।"

काका पुढे गेले, खाली बसले, रेवाच्या दोन्ही पावलांना हात लावला, ते हात आधी कपाळाला आणि मग छातीला लावले, उठले आणि आपल्या जागी परत आले.

"ये क्या है?" सरांनी विचारलं.

"ऐडवांस, सर।"

जबलपूरच्या पालकांपैकी कोणाला यात काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही. मेहुणे मात्र "अरे, अरे" करत उभे राहिले. त्यांच्या मोबाइलमध्ये त्यापुढचा भाग छताच्या पंख्याचा आहे, त्यामुळे लाथेचं चित्रीकरण उपलब्ध नाही. आत्या मागे वळून त्यांना म्हणाल्या, "बसा खाली. झालं नं आता. फिटलं."

सरांनी सुरुवात दिली. काकांनी दोन ठोसे मारले, दोन्ही चुकले. ते मागे हटले. रेवा दबक्या आवाजात म्हणाली, "पापा, मारो ना।" काकांनी पाय उचलला. लाथ रेवाच्या उजव्या बरगडीखाली बसली. आवाज खुर्च्यांपर्यंत आला. काकांचा हात निघाला. तो कमरेपर्यंत खाली आला, तिथे थांबला आणि वर गेला. काका वाकले नाहीत. सरांनी हात वर केला.

लढतीची वेळ अजून उरली होती. रेवाने, तिच्या पट्ट्याला शोभेल अशी, उलटी लाथ मारली. ती काकांच्या पोटावर बसली आणि काका बसकण मारून खाली बसले. मग रेवा वाकली. तिने काकांच्या पोटाला हात लावला आणि तो आपल्या छातीला लावला. दहा वर्षांत तिने हे क्लासमध्ये कधी केलं नव्हतं.

"रेवा!" सर ओरडले. "तुम भी?"

काकांचा चेहरा तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होता आणि दोन्ही हात मोकळे होते. ठोसा मारायला इतकी चांगली संधी त्या दिवशी दुसऱ्या कोणाला मिळाली नव्हती. काकांनी उजवा हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"सुखी राहा," ते म्हणाले.

सरांनी लढत थांबवली. मग त्यांनी रेवाला सगळ्यांसमोर पुश-अप मारायला लावले आणि काकांना पास केलं. लाथ नियमाप्रमाणे होती आणि त्यानंतर हात खाली आला तरी पोचला नव्हता, असं त्यांनी कारण दिलं.

पट्टे वाटण्याच्या वेळी नवी अडचण निघाली. हिरव्या पट्ट्याला सगळी मुलं होती म्हणून सरांनी मुलांच्याच मापाचे पट्टे मागवले होते. रेवाने त्यांतला सर्वांत लांब घेऊन काकांच्या कमरेभोवती फिरवला. टोकं पुढे भेटली, पण गाठीला काही उरलं नाही. काकांनी श्वास आत घेतला. रेवाने ओढलं. काकांनी आणखी आत घेतला.

आत्या खुर्चीतून म्हणाल्या, "सोड गं, चक्कर येईल त्याला."

सर म्हणाले, मोठा मागवतो, आठवड्यात येईल. तो आठवड्यात आला नाही. महिनाअखेर रेवा पुण्याला गेली. काका स्टेशनवर गेले होते. परत येताना कूलरचा पंप घेऊन आले.

मोठा पट्टा जुलैत आला. क्लासमध्ये आता दुसरा एक मुलगा सर्वांत वरिष्ठ होता. तो पट्टा घेऊन पुढे आला. काकांनी तो हातात घेतला, मान लववली, घडी करून पिशवीत ठेवला आणि नारिंगी पट्टा बांधलेला होता तसाच ठेवून मागच्या रांगेत, मुलांबरोबर जाऊन उभे राहिले. सरांनी समजावलं. जुन्या रंगावर पुढची परीक्षा देता येणार नाही, असंही सांगितलं. काका म्हणाले, "ओस।" पावसाळ्यात कूलर बंद झाला. काका येत राहिले. पुढची परीक्षा सप्टेंबरात झाली, तिला ते बसले नाहीत.

रेवा दिवाळीच्या सुट्टीत आली. क्लास बंद होता. पट्टा घरातच, बैठकीत बांधला. मी त्या वेळी कामावर होतो. काकू म्हणतात, गाठ रेवाला तीनदा सोडावी लागली. रेवा म्हणते, एकदाच. पट्टा बांधला गेला, एवढं दोघी सांगतात.